आडनाव आणि भाड्याचं घर: सोशल सायकॉलॉजीचा एक अभ्यास एथिक्ससकट कसा उभा करायचा

एमए सायकॉलॉजीच्या बऱ्याच डिझर्टेशनमध्ये एथिक्स म्हणजे मेथडच्या चॅप्टरच्या शेवटी टाकलेला एक पॅरेग्राफ असतो, 'सहभागी व्यक्तींची संमती घेण्यात आली व माहिती गोपनीय ठेवण्यात आली', बस एवढंच, आणि तोही सीनियरच्या डिझर्टेशनमधून उचललेला. मला हे मनापासून खटकतं. तुम्ही समोरच्याला काय सांगता, काय लपवता, कुणाच्या देखत विचारता यावरच तो काय उत्तर देणार हे ठरत असतं, त्यामुळे आपल्या विषयात एथिक्सचा प्रत्येक निर्णय हा डेटाचाही निर्णय असतो. एक कच्चा ठेवला की दुसरा आपोआप कच्चा राहतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमचंच आहे. 1961 मध्ये येल युनिव्हर्सिटीत सुरू झालेला तो शॉकचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो: प्रयोग घेणारा सांगेल तसे पलीकडच्या खोलीतल्या माणसाला प्रत्येक चुकीला वाढत्या व्होल्टचे शॉक द्यायचे, शॉक खरे नव्हते पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 40 पैकी 26 पुरुष 450 व्होल्टपर्यंत गेले. 1964 मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंडने त्यावर कडक टीका केली की माणसांना एवढ्या ताणात टाकायचा हक्क तुम्हाला दिला कुणी. पुढे कितीतरी वर्षं सगळे म्हणत राहिले की आता हा प्रयोग करताच येणार नाही. मग मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गरने तो थोडा बदलून केला आणि 2009 मध्ये छापून दाखवला. त्याने काय केलं, तर मिलग्रॅमचा जुना डेटा नीट वाचला आणि त्याला दिसलं की 150 व्होल्टला, म्हणजे पलीकडचा माणूस 'मला सोडा' म्हणतो तिथे, जो पुढे जातो तो बहुतेक वेळा शेवटपर्यंत जातो. मग 450 पर्यंत न्यायची गरजच काय? त्याने 150 लाच प्रयोग थांबवला, आधी लोकांचं दोन टप्प्यांत स्क्रीनिंग केलं, कधीही उठून गेलात तरी पैसे तुमचेच हे तीन वेळा सांगितलं, आणि प्रयोग संपल्या संपल्या शॉक खरे नव्हते हे सांगून टाकलं. तरी 70 टक्के लोक पुढे जायला तयार होते. म्हणजे काळजी घेतली म्हणून अभ्यास पातळ झाला नाही, उलट नेमका कुठला क्षण महत्त्वाचा आहे हे त्याला शोधावं लागलं.

आता हेच आपण आपल्याकडच्या एका विषयावर पायरी पायरीने करून बघू. विषय घेऊ पुण्यातलं भाड्याचं घर आणि आडनाव. 'आडनाव काय आपलं?' हा प्रश्न फ्लॅट बघायला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे, आणि त्याच्या उत्तरावर पुढचं बोलणं कसं बदलतं हेही खूप जणांनी सोसलेलं आहे.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

'समाजातील जातीय भेदभावाचा मानसशास्त्रीय अभ्यास' हा विषय नाही, ते नुसतं शीर्षक आहे. विषय असा हवा: भाडेकरूची बाकी सगळी माहिती तीच ठेवली आणि फक्त आडनाव बदललं, तर घरमालक त्याला घर द्यायला किती तयार होतो यात फरक पडतो का? एवढंच. एका वाक्यात मावलं पाहिजे, आणि उत्तर 'नाही' येण्याची शक्यताही त्यात पाहिजे.

आधी कुणी काय केलंय ते बघा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये नोकरीच्या अर्जांवर अभ्यास छापला, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी, आणि दलित व मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. नंतर दिल्ली आणि आसपासच्या भागात भाड्याच्या घरांवरही असंच काम झालं.

ते वाचून पहिला मोह होतो की आपणही खोट्या नावाने घरमालकांना फोन करू. थांबा. तो घरमालक तुमच्या अभ्यासात आहे हे त्याला माहीतच नसतं, संमती नाही, त्याचा वेळ जातो, एजंटची एक फेरी फुकट जाते, आणि फोन रेकॉर्ड केलात तर वेगळाच घोळ. असे अभ्यास चुकीचे आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, भेदभाव करणारा माणूस संमती देऊन भेदभाव दाखवणार नाही हे उघड आहे, म्हणून ते लागतात. पण त्यासाठी मागे संस्था लागते, एथिक्स कमिटीने बारकाईने बघावं लागतं, आणि समाजाला होणारा फायदा त्या त्रासापेक्षा मोठा आहे हे पटवावं लागतं. सहा महिन्यांच्या डिझर्टेशनसाठी एकट्या विद्यार्थ्याने हे करू नये. आपण दुसरा रस्ता घेऊ, घरमालकांना एका भाडेकरूची माहिती वाचायला द्यायची आणि त्यांचं मत विचारायचं.

दुसरी पायरी: प्रसंग लिहा, आणि इथे घाई करू नका

माहिती अशी लिहा: 'वय 31, खासगी कंपनीत कायम नोकरी, पगार महिना 55,000. पत्नी शाळेत शिक्षिका, एक मुलगी. आधीच्या घरात तीन वर्षं राहिले, भाडं वेळेवर.' एका गटाला या माणसाचं एक आडनाव दिसेल, दुसऱ्या गटाला दुसरं, बाकी एक अक्षर बदलायचं नाही.

आडनाव निवडणं हाच या अभ्यासाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तिथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. महाराष्ट्रात जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. तुम्ही मनात एक जात धरून 'गायकवाड' लिहिलं आणि वाचणाऱ्याने दुसरीच धरली तर तुमचा प्रयोग तिथेच बसला. उलट कुलकर्णी किंवा कांबळे वाचून बहुतेक लोक एक ठरावीक अंदाज करतात, तो दर वेळी बरोबर असेलच असं नाही, पण आपल्याला लोकांच्या अंदाजाचाच अभ्यास करायचाय. पहिलं नावही बोलतं हे विसरू नका, त्यामुळे पहिलं नाव असं घ्या जे सगळीकडे चालतं. अमोल, सचिन, राहुल असलं काहीतरी.

म्हणून मुख्य अभ्यासाआधी पंचवीस-तीस वेगळ्या लोकांना आठ-दहा आडनावं दाखवून विचारा की हे वाचून तुम्हाला काय वाटतं आणि किती खात्रीने वाटतं. या लोकांना नंतर मुख्य अभ्यासात घ्यायचं नाही. आणि एका गटासाठी एकच आडनाव ठेवू नका, दोन-तीन ठेवा, नाहीतर व्हायवाला (तोंडी परीक्षेत) कुणीतरी विचारेल की हा परिणाम जातीचा की त्याच एका आडनावाच्या एखाद्या प्रसिद्ध माणसाचा, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

ही आडनावांची चाचणी घेतानाही समोरच्याला नीट सांगा की कशासाठी विचारतोय. कुणालाही अचानक 'या आडनावाची जात ओळखा' असं सांगणं अपमानास्पद वाटू शकतं, विशेषतः त्यात त्याचं स्वतःचं आडनाव असेल तर.

तिसरी पायरी: मोजायचं काय

'तुम्ही यांना घर द्याल का? हो / नाही' एवढं विचारलंत तर जवळपास सगळे हो म्हणतील, कारण चांगलं दिसायची इच्छा सगळ्यांनाच असते. त्याऐवजी अशी चार-पाच विधानं आणि प्रश्न घ्या ज्यात बारीक फरक दिसेल. 'मी यांना घर दाखवायला बोलवेन' 1 (अजिबात नाही) ते 7 (नक्की) मध्ये, 'हे भाडं वेळेवर देतील' 1 ते 7 मध्ये, आणि 'तुम्ही डिपॉझिट किती मागाल' यात सरळ रुपये. डिपॉझिटचा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो, 'माझा विश्वास आहे' म्हणताना माणूस सावध असतो पण पैशाचा आकडा लिहिताना तेवढा नसतो.

एका विधानात दोन गोष्टी कोंबू नका, 'हे कुटुंब स्वच्छ आणि प्रामाणिक वाटतं' याचं उत्तर देणारा स्वच्छतेला मार्क देतोय की प्रामाणिकपणाला? आणि इंग्रजी स्केल (तयार प्रश्नावली) मराठीत आणत असाल तर एकाने मराठीत करायचं, मूळ न बघता दुसऱ्याने त्यावरून परत इंग्रजीत करायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. मग ते मराठी एखाद्या काकूंना मोठ्याने वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

थेट भेदभावाबद्दल विचारायचंच असेल, म्हणजे 'आडनाव बघून तुम्ही कधी कुणाला घर नाकारलंय का', तर त्यासाठी एक सुंदर पद्धत आहे, तिचं मूळ 1965 मधल्या वॉर्नर यांच्या कामात आहे. समोरच्याला नाणं उडवायला सांगायचं, आपल्याला दाखवायचं नाही. छापा आला तर खरं काहीही असो 'हो' म्हणायचं, काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. आता कुणी 'हो' म्हणालं तर ते नाण्यामुळे की खरंच हे कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. पण समजा 200 जणांपैकी 130 जणांनी 'हो' म्हटलं, तर साधारण 100 नाण्यामुळे, उरलेल्या 100 मधले 30 खरे, म्हणजे अंदाजे 30 टक्के. एका माणसाचं गुपित शाबूत राहतं आणि गटाचं उत्तर मिळतं. फक्त यासाठी सॅम्पल मोठं लागतं, कारण निम्मी उत्तरं नाण्यातच जातात.

चौथी पायरी: माणसं किती आणि कोणती

किती माणसं लागतील ते काढून देणारं जी-पॉवर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते वापरा, आणि 'गाईड म्हणाले 60 घे' हे कारण लिहू नका. दोन गटांत मध्यम फरक (म्हणजे कोहेनचा डी 0.5, दोन सरासरींमधला फरक केवढा ते सांगणारं माप) 80 टक्के शक्यतेने सापडायला हवा असेल तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात. फरक लहान असेल, डी 0.2, तर प्रत्येक गटात 394. म्हणून आडनावांचे पाच गट करायचा हट्ट सोडा, दोनच करा आणि नीट करा. कमी माणसांत पाच गट करून काहीच न सापडणं, हा लोकांच्या वेळेचा अपव्यय आहे आणि मी तरी त्याला एथिक्सचाच प्रश्न समजते.

कोणती माणसं, तर ज्यांच्याकडे खरंच घर आहे. एफवायच्या पोराला 'तू घरमालक आहेस असं समज' सांगून फॉर्म भरून घेण्यात काही अर्थ नाही. हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं होतं की सायकॉलॉजीचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या लोकांवर उभे आहेत, आणि आपण त्यांना नावं ठेवतो, पण आपला अभ्यास आपल्या कॉलेजच्या, आपल्या फॅमिलीच्या आणि आईच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो ज्यात बहुतेक एकाच जातीचे, एकाच भागातले लोक असतात. जातीचा अभ्यास करताना हे चालणार नाही. कोथरूडमधून घेताय तर हडपसर, येरवडा, पिंपरीतूनही घ्या, आणि ज्यांना फॉर्म टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना भेटून कागदावर भरून घ्या.

विद्यार्थ्यांवरच अभ्यास असेल तर दोन गोष्टी. अकरावी-बारावीची आणि एफवायची काही मुलं 18 च्या आतली असतात, त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतं. आणि स्वतःच्या वर्गातल्या मुलांकडून सरांनी वर्गातच फॉर्म भरून घेतले तर 'ऐच्छिक' हा शब्द कागदावरच राहतो, मार्क ज्याच्या हातात आहेत त्याला नाही कोण म्हणणार?

पाचवी पायरी: कुणाला कुठला फॉर्म

कोणता गट कुणाला मिळेल हे चिठ्ठीवर सुटलं पाहिजे, तुमच्या मनावर नाही. गूगल फॉर्ममध्ये हे सरळ होत नाही, म्हणून लोक जुगाड करतात की जन्मतारीख सम असेल तर हा सेक्शन, विषम असेल तर तो. आपल्याकडे हे धोक्याचं आहे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लिहून टाकलेले कितीतरी लोक आहेत, विशेषतः पन्नाशीच्या पुढचे आणि गावाकडून आलेले, ते सगळे एकाच गटात जातील आणि तुमचे दोन गट वयात आणि शिक्षणात वेगळे होऊन बसतील. त्यापेक्षा मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम एवढंच विचारा, नंबर विचारू नका. किंवा सायटूलकिटसारखं फुकट साधन वापरा, ते स्वतःच वाटणी करतं. कागदावर असेल तर फॉर्म आधीच पत्त्यांसारखे पिसून बंद पाकिटात घाला, म्हणजे कुणाला कोणता जातोय हे तुम्हालाही कळणार नाही.

सहावी पायरी: परवानगी आणि संमती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडे डेटा घ्यायच्या आधी जायचं. नंतर सही आणून तारीख मागची टाकणं हा सरळ खोटेपणा आहे. कमिटी नसेल तर डिपार्टमेंटमधल्या दोन-तीन शिक्षकांना लेखी आराखडा दाखवून त्यांचं मत लेखी घ्या. वाचायला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सामाजिक आणि वर्तणुकीच्या संशोधनावर वेगळा भाग आहे, आणि मुंबईच्या सेहत संस्थेने 2000 च्या सुमाराला आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी पुढे आणलेली तत्त्वंही आहेत, ती आपल्याकडच्या परिस्थितीला धरून लिहिलेली असल्यामुळे मला जास्त जवळची वाटतात.

सोसायटीच्या चेअरमनने 'या, फॉर्म वाटा' म्हटलं ही परवानगी झाली, संमती प्रत्येक घरातल्या माणसाची वेगळी. चेअरमन शेजारी उभे असताना फॉर्म भरून घेऊ नका. सही करायला कुणी कचरत असेल तर जबरदस्ती नको, कागदावर सही म्हटलं की घर-जमिनीची भीती खरीच असते, तोंडी होकार घ्या आणि तो कसा घेतला हे लिहून ठेवा.

मजकूर साधा ठेवा: 'भाडेकरू निवडताना लोक कोणत्या गोष्टी बघतात याचा हा अभ्यास आहे. एका भाडेकरूची माहिती वाचून काही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. साधारण आठ मिनिटं लागतील. अभ्यासाचा पूर्ण उद्देश शेवटी सांगू. तुमचं नाव, फोन, ईमेल घेणार नाही. मध्येच थांबलात तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही. शेवटी सगळं कळल्यावर उत्तरं वापरू नका असं म्हणायचाही तुम्हाला हक्क आहे.' यात एकही वाक्य खोटं नाही. आडनावाबद्दल आपण गप्प राहिलोय हे खरं, पण काहीतरी नंतर सांगणार आहोत हे आधीच सांगितलंय. 'ही मार्केट रिसर्चची पाहणी आहे' असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्याची इथे काहीच गरज नाही.

आणि गूगल फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद आहे ना ते स्वतः दुसऱ्या मोबाईलवरून बघा. 'नाव गुप्त राहील' लिहून वर ईमेल मागणारे फॉर्म रोज दिसतात.

सातवी पायरी: आधी लिहून ठेवा, मग डेटा घ्या

हायपोथिसिस (काय निघेल हा आपला अंदाज) काय, मुख्य माप कोणतं, कुणाला वगळणार, कोणती टेस्ट लावणार, हे ओएसएफच्या (ओपन सायन्स फ्रेमवर्क) साईटवर तारखेसकट नोंदवता येतं, पैसे लागत नाहीत. 2015 मध्ये सायकॉलॉजीचे 100 अभ्यास परत करून बघितले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत पुन्हा सिग्निफिकंट (नुसत्या योगायोगाने सहसा न येणारा) निकाल आला. त्यामागचं एक मोठं कारण हेच मानलं जातं की डेटा बघून मग टेस्ट ठरवली जाते, पाच मापांपैकी जे लागू पडलं तेवढंच छापलं जातं. डिपॉझिटमध्ये फरक आला नाही म्हणून ऐनवेळी 'घर दाखवेन' हे मुख्य माप करायचं नाही. करायचंच असेल तर नंतर बघितलं असं लिहा.

आठवी पायरी: जात कधी विचारायची

फॉर्मच्या शेवटी. वय, शिक्षण, जात, धर्म हे सगळं आपण सवयीने पहिल्या पानावर टाकतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा 2006 चा अभ्यास वाचा, उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, जात जाहीर केली नव्हती तेव्हा फारसा फरक नव्हता, आणि सगळ्यांसमोर जात जाहीर केल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. नुसती जात बोलून दाखवण्याने एवढं होतं. मग आपण पहिल्याच प्रश्नात जात विचारून पुढची सगळी उत्तरं त्या छायेत का घ्यायची? शेवटी विचारा, 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा, आणि खरंच लागत नसेल तर विचारूच नका.

नववी पायरी: डीब्रीफिंग, म्हणजे शेवटी सगळं खरं सांगणं

मिलग्रॅमच्या प्रयोगातल्या अनेकांना शॉक खोटे होते हे पूर्णपणे तेव्हाच्या तेव्हा कळलंच नव्हतं, नंतर पाठवलेल्या रिपोर्टमधून कळलं, आणि तोवर आपण कुणाला तरी इजा केली हे मनात घेऊन माणसं जगली. आपला अभ्यास तेवढा भयंकर नाही, पण 'तुम्ही आडनाव बघून मार्क देता का ते आम्ही बघत होतो' हे ऐकून माणूस ओशाळू शकतो किंवा चिडू शकतो. म्हणून सांगताना हे नक्की सांगा की आपण एका माणसाचं उत्तर तपासत नाही, दोन गटांची सरासरी बघतोय, त्याला दिसलेलं आडनाव चिठ्ठीने आलं होतं, आणि भाडेकरू काल्पनिक होता.

गूगल फॉर्ममध्ये सबमिट दाबल्याशिवाय उत्तरं आपल्यापर्यंत येत नाहीत, याचा फायदा घ्या. डीब्रीफिंग शेवटच्या सेक्शनमध्ये ठेवा, त्याखाली 'माझी उत्तरं वापरा / वापरू नका' हा प्रश्न, आणि मग सबमिट. मध्येच सोडून गेलेल्यांना हे दिसणार नाही, म्हणून डेटा घेणं संपल्यावर ज्या ग्रुपवर लिंक टाकली होती तिथेच पूर्ण उद्देशही टाका. ज्याला स्वतःला आडनावावरून घर नाकारलं गेलंय अशा माणसासाठी हा फॉर्म जखमेवर हात ठेवण्यासारखा आहे, त्याच्यासाठी तुमचा संपर्क आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या, तिथे मराठीत बोलता येतं.

दहावी पायरी: डेटा आणि रिपोर्ट

नाव घेतलं नाही म्हणजे माणूस ओळखू येत नाही असं नाही. 'स्त्री, 52, वकील, अमुक सोसायटी, अमुक जात' एवढ्यावरून सोसायटीतला कुणीही सांगेल की या कोण. म्हणून नेमकं वय नको, दहा वर्षांचे गट करा, सोसायटीऐवजी भाग लिहा, आणि ज्या खान्यात दोन-तीनच माणसं आहेत ते खाने एकत्र करा. फाईल पासवर्ड लावून ठेवा, गाईड आणि तुम्ही सोडून कुणाकडे नको, कॉलेजच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर तर अजिबात नको. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संशोधनासाठी काही सूट आहे, पण त्या सुटीवर विसंबून राहण्यापेक्षा ओळख पटेल अशी माहिती गोळाच न करणं सोपं.

ॲनालिसिस जामोवी किंवा जास्प या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, दोन्ही फुकट. पी व्हॅल्यूसोबत (निकाल सिग्निफिकंट आहे का हे ज्यावरून ठरतं तो आकडा) फरक केवढा आहे ते लिहा, 'कांबळे गटाकडे सरासरी इतके रुपये जास्त डिपॉझिट मागितलं' हे कुणालाही कळतं. फरक आला नाही तर 'पुण्यात भेदभाव नाही' असं लिहू नका, आपल्या या लोकांत, या प्रसंगात, एवढ्या सॅम्पलमध्ये तो दिसला नाही एवढंच लिहा. आणि फरक आला तर अमुक जातीचे घरमालक वाईट अशी हेडलाईन होईल असा तक्ता करू नका, तुमचं सॅम्पल ते सांगण्यासाठी घेतलेलंच नव्हतं.

मग एक पान साध्या मराठीत लिहा, काय विचारलं, काय निघालं, काय सांगता येत नाही. ते ज्या सोसायट्यांत आणि ग्रुपमध्ये गेलात तिथे परत पाठवा, व्हायवाच्या आधी पाठवलंत तर आणखी चांगलं, कारण वाचून कुणीतरी हमखास असं काही सांगतं जे फॉर्ममध्ये आलेलं नसतं. मूळ फाईल कधी पुसणार ती तारीख संमतीच्या कागदावर लिहिली असेल तर त्या दिवशी ती पुसा आणि गाईडला तसा मेल टाका.